फ्रेंच व्याकरण व आमचा द्राविडी प्राणायाम

परकी भाषा शिकणाराचे प्रश्न हें त्याच्या अज्ञानाचें प्रदर्शन नसून त्याच्या बुद्धीचें लक्षण आहे, ही गोष्ट आमच्याकडील भाषाशिक्षकांच्या अद्यापि ध्यानांत आलेली दिसत नाहीं. फ्रेंचच्या कोणत्याहि वर्गांत पहिल्या वर्षीं जे प्रश्न निघतात ते वर्षानुवर्षें तेच असतात. टेबलासारख्या निर्जीव वस्तूला स्त्री कां मानावें? समोरच्या माणसाला ‘त्यू’ केव्हां म्हणावें आणि ‘व्हू’ केव्हां? भूतकाळ एक असतां त्याचीं रूपें दोन कशासाठीं? ‘ती आली’ म्हणतांना ‘असणें’ या अर्थाचें साहाय्यक क्रियापद, आणि ‘तिनें लिहिलें’ म्हणतांना ‘जवळ असणें’ या अर्थाचें, हा भेद कशाकरितां? कर्म आधीं आलें तर धातुसाधितानें त्याचें लिंग घ्यावें आणि मागून आलें तर घेऊं नये, हा कोठला न्याय? आणि सरळ ‘तूं येतोस’ म्हणावयाचें सोडून ‘स्यूब्झाँक्तीफ’ नांवाचें निराळेंच रूप कशाला?

या प्रश्नांना वर्गांत उत्तरें बहुधा दोनच मिळतात. जुन्या वळणाचा शिक्षक म्हणतो, ‘असेंच आहे, पाठ करा.’ नव्या वळणाचा म्हणतो, ‘नियम विचारूं नका, ऐका आणि बोला, आपोआप येईल.’ पहिलें उत्तर आळसाचें आहे. दुसरें, त्याच आळसाला शास्त्राचा अंगरखा चढवून दिलेलें आहे. आमचें म्हणणें असें कीं, यांतील बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें मराठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तोंडांतच आहेत. तो तीं रोज बोलतो. परंतु त्याला तीं सांपडत नाहींत, कारण आम्ही त्याला पॅरिसला नेतांना वाटेंत लंडनास उतरवितों आणि तेथल्या चष्म्यांतून पुढील प्रवास करावयास लावितों. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण याहून अधिक चपखलपणें कोठें लागू पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

महाराष्ट्रांत फ्रेंच शिकणारांची संख्या लहान नाहीं. अकरावी-बारावीला मराठी किंवा हिंदी सोडून फ्रेंच घेण्याची चाल मुंबई-पुण्याकडे चांगलीच रुळली आहे. तिच्या मुळाशीं मोलिएर किंवा ह्यूगो यांच्यावरील प्रेमापेक्षां गुणपत्रिकेवरील प्रेमच अधिक असतें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याबद्दल आम्ही विद्यार्थ्यांस दोष देत नाहीं. आमचा आक्षेप शिकविण्याच्या रीतीवर आहे. पुस्तकें एक तर पॅरिसला छापलेलीं, अथपासून इतिपर्यंत फ्रेंच. नाहीं तर इंग्रजींतून समजावून देणारीं. संज्ञा इंग्रजी, भाषांतराचीं वाक्यें इंग्रजी, शंकेचें निरसन इंग्रजी. म्हणजे ज्याला फ्रेंचच्या गांवीं जावयाचें आहे त्यानें अगोदर इंग्रजीच्या नाक्यावर जकात भरली पाहिजे. ज्याच्या खिशांत ती आहे तो पुढें जातो. जो मराठी शाळेंतून आलेला असतो, तो बुद्धीनें कोणापेक्षांहि उणा नसतांना नाक्यावरच थांबतो, आणि आपल्याला फ्रेंच येत नाहीं असें समजून परत फिरतो. वस्तुतः तो फ्रेंचमध्यें नापास झालेला नसतो. तो इंग्रजींत नापास झालेला असतो.

आतां एकेक प्रश्न घेऊं. टेबल स्त्री कसें, हा प्रश्न इंग्रजाच्या तोंडीं शोभतो, कारण त्याच्या भाषेंतील निर्जीव वस्तूंचीं लिंगें केव्हांच गळून पडलीं. मराठी माणसाच्या तोंडीं तो शोभत नाहीं. आपण खुर्चीला ‘ती’ म्हणतों, पलंगाला ‘तो’ म्हणतों आणि टेबलाला ‘तें’ म्हणतों. खुर्चीच्या अंगीं कांहीं बाईपणा आहे म्हणून ती ‘ती’ झाली, असें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. व्याकरणांतील लिंग हा वस्तूचा गुण नसून शब्दाचा गुण आहे, हें तत्त्व आमच्याकडील चार वर्षांचें पोर व्यवहारांत पाळीत असतें. ‘चांगला, चांगली, चांगलें’ असें विशेषण फिरविणाराला ‘बो’ आणि ‘बेल’ यांचें भय कशाला वाटावें? फ्रेंचमध्यें तर लिंगें दोनच आहेत. लॅटिनमधील नपुंसकलिंग बहुतांशीं पुल्लिंगांत मिसळून गेलें. तीन लिंगांचा संसार सांभाळणारानें दोहोंना पाहून घाबरावें हा चमत्कारच म्हटला पाहिजे.

कोणत्या शब्दाचें लिंग कोणतें, हें अर्थातच शिकावें लागतें. चंद्र आपल्याकडे तो, तिकडे ‘ल्यून’ ही ती. समुद्र आपल्याकडे तो, तिकडे ‘मेर’ ही ती. परंतु येथेंहि आपल्या भाषेची वहिवाट उपयोगी पडते. ‘पणा’ अंतीं असलेलीं भाववाचक नामें पुल्लिंगी, ‘ता’ अंतीं असलेलीं स्त्रीलिंगी, ‘त्व’ अंतीं असलेलीं नपुंसकलिंगी, हें आपल्याला कोणी शिकविल्यावांचून येतें. फ्रेंचमध्येंहि तसेंच आहे. ‘लिबेर्ते’, ‘बोते’ अशीं ‘ते’ प्रत्ययाचीं भाववाचक नामें स्त्रीलिंगी; ‘नासिआँ’सारखीं ‘सिआँ’ प्रत्ययाचीं स्त्रीलिंगी; ‘गुव्हेर्नमाँ’सारखीं ‘माँ’ प्रत्ययाचीं पुल्लिंगी; आणि ‘आझ’ अंतीं असलेलीं बहुधा पुल्लिंगी, पण पान या अर्थाचा ‘पाझ’, चित्र या अर्थाचा ‘इमाझ’ असे कांहीं शब्द अपवाद. इतकेंच नव्हे, संस्कृतांतील ‘सुंदरता’ मधील ‘ता’ आणि फ्रेंच ‘बोते’ मधील ‘ते’, तसेंच ‘गति, मति’ यांतील ‘ति’ आणि ‘नासिआँ’ मधील ‘सिआँ’ हे प्रत्यय मुळांत एकाच कुळांतले असून दोन्हीकडे ते स्त्रीलिंगीच राहिले आहेत. हें एकदां सांगितलें कीं विद्यार्थ्याला परक्या घरांत दूरचा आप्त भेटल्याचा आनंद होतो. इंग्रजीच्या वाटेनें गेल्यास हा आप्त कधींच भेटत नाहीं, कारण ‘ब्यूटी’ आणि ‘नेशन’ या शब्दांना तेथें लिंगच उरलेलें नाहीं.

‘त्यू’ आणि ‘व्हू’ यांचा प्रश्न तर मराठी वर्गांत निघतो हीच लाजेची गोष्ट आहे. इंग्रजीनें आपला जुना एकवचनी ‘दाउ’ व्यवहारांतून घालविला, म्हणून इंग्रजी पुस्तकांना या दोन सर्वनामांवर पानेंच्या पानें खर्चावीं लागतात. ज्याच्या घरीं आईला ‘तूं’, वडिलांना ‘तुम्ही’ आणि पाहुण्याला ‘आपण’ आहे, त्याला हीं पानें कशाला? फ्रेंच माणूसहि आईला ‘त्यू’ म्हणतो. देवालाहि आज तो ‘त्यू’च म्हणतो, मात्र कॅथलिकांच्या मुख्य फ्रेंच प्रार्थनेंत १९६६ पर्यंत देवाला ‘व्हू’ म्हणत असत. आपल्या संतांनीं विठ्ठलाला पहिल्यापासूनच ‘तूं’ म्हटलें. समजावून द्यावयाचा तो भेद एवढाच कीं, आदरार्थीं बहुवचन आपण शेवटपर्यंत नेतों, ‘तुम्ही थकलेले आहांत’ म्हणतों. फ्रेंच माणूस क्रियापद बहुवचनी ठेवतो, पण माणूस एकच असेल तर विशेषण व धातुसाधित एकवचनी ठेवतो. दोन वाक्यांचें काम. त्यासाठीं दोन तास नकोत.

भूतकाळाकडे वळूं. ‘पासे काँपोझे’ आणि ‘अँपार्फे’ या दोन रूपांनीं जितके विद्यार्थी घायाळ केले असतील तितके दुसऱ्या कशानेंहि केले नसतील. इंग्रजींत ‘ही लिव्ह्ड इन पॅरिस’ असें एकच वाक्य दोन्हीकडे चालतें, म्हणून कोणतें फ्रेंच रूप केव्हां घ्यावें हें इंग्रजीवरून कळत नाहीं. मराठींत मात्र ‘तो दहा वर्षें पॅरिसला राहिला’ हें एक, आणि ‘तेव्हां तो पॅरिसला राहत असे’ हें दुसरें. पहिल्यांत पुरी झालेली गोष्ट सांगितली आहे: तेथें पासे काँपोझे. दुसऱ्यांत चालू स्थिति किंवा परिपाठ सांगितला आहे: तेथें अँपार्फे. ‘मी बाहेर पडलों तेव्हां पाऊस पडत होता’, यांत ‘पडलों’ पासे काँपोझे आणि ‘पडत होता’ अँपार्फे. आपल्या व्याकरणकारांनीं अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ असे जे दोन प्रकार सांगितले, त्या दोहोंचें काम फ्रेंचमधील एकटा अँपार्फे करतो. या एका वाक्यानें जें साधतें तें ‘वॉज’ आणि ‘यूज्ड टु’ यांच्या कोष्टकांनीं साधत नाहीं.

आतां सर्वांत कुप्रसिद्ध प्रश्न: साहाय्यक क्रियापद कोणतें घ्यावें, आणि धातुसाधितानें कोणाचें लिंग घ्यावें? येणें, जाणें, निघणें, जन्मणें, मरणें असल्या कांहीं अकर्मक धातूंना फ्रेंच भाषा ‘एत्र’, म्हणजे ‘असणें’, हें क्रियापद जोडते, आणि तेथें धातुसाधित कर्त्याप्रमाणें बदलतें. सकर्मक धातूंना ती ‘आव्वार’, म्हणजे ‘जवळ असणें’, हें जोडते. इंग्रजी वाचणाराला हा जुलूम वाटतो. पण आपण काय करतों? ‘तो आला, ती आली’, येथें क्रियापद कर्त्याप्रमाणें. ‘तिनें पत्र लिहिलें, तिनें चिठ्ठी लिहिली’, येथें कर्माप्रमाणें. कर्तरि आणि कर्मणि प्रयोगांचा हा भेद ज्याच्या जिभेवर आहे, त्याला फ्रेंचमधील भेदाचें मर्म सांगावयास किती वेळ लागेल? ‘उतरणें’ या अर्थाचा ‘देसांद्र’ धातूच पाहा. ‘ती उतरली’ म्हणावयाचें तर ‘एल ए देसांद्यू’, एत्र घेऊन. ‘तिनें पेटी उतरविली’ म्हणावयाचें तर ‘एल आ देसांद्यू ला व्हालीझ’, आव्वार घेऊन. एकच धातु दोन साहाय्यकें कशीं घेतो म्हणून विद्यार्थी डोकें धरून बसतात. मराठींत ‘ती’ आणि ‘तिनें’ हा फरक पाहिला असता तर डोकें धरावें लागलें नसतें.

आणि ‘कर्म आधीं आलें तर’ हा नियम? ‘झे एक्री ला लेत्र’, मीं चिठ्ठी लिहिली, येथें धातुसाधित ‘एक्री’ कोरें राहतें. ‘ला लेत्र क झे एक्रीत’, मीं लिहिलेली चिठ्ठी, येथें तें स्त्रीलिंगी होऊन ‘एक्रीत’ होतें. यांत जादू कांहीं नाहीं. लॅटिनमध्यें ‘मजजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे’ अशी रचना होती; धातुसाधित हें मुळांत चिठ्ठीचें विशेषण होतें, म्हणून तें तिचें लिंग घेई. आपल्याकडे ‘मया पत्रं लिखितम्’ या संस्कृत रचनेपासून ‘मीं पत्र लिहिलें’ आलें. त्यांतहि ‘लिहिलें’ हें मुळांत पत्राचें विशेषणच. दोन्ही भाषा एकाच घाटानें उतरल्या. आपण लिंगाचा मेळ सर्वत्र राखला. फ्रेंचनें तो कर्म पुढें असेल तेव्हांच राखला. क्लेमाँ मारो या कवीनें १५३८ मध्यें इटालियनचा दाखला देऊन हा नियम पद्यांत सांगितला, आणि तेव्हांपासून फ्रेंच मुलेंहि त्यावर रडत आलीं आहेत. २०१८ मध्यें तर बेल्जियममधील दोन माजी शिक्षकांनीं पॅरिसच्या वर्तमानपत्रांतून हा मेळ अजिबात सोडून द्यावा अशी मागणी केली. म्हणजे जो नियम फ्रेंचांच्या पोरांना जड जातो, त्याचें बीज मराठी पोराच्या बोलण्यांत आहे. आणि तेंच आम्ही त्याच्यापासून लपवून ठेवतों!

स्यूब्झाँक्तीफची गोष्ट अशीच. ‘इल फो क त्यू व्हिएन’ याचें इंग्रजी करूं जातां मूळ रूपाचा मागमूस राहत नाहीं. मराठी करा: ‘तूं यावेंस हें अवश्य आहे.’ ‘येतोस’ नव्हे, ‘यावेंस’. घडलेली गोष्ट सांगावयाची तेव्हां एक रूप, आणि इच्छिलेली, हवीशी किंवा धास्तीची गोष्ट सांगावयाची तेव्हां दुसरें, ही शिस्त आपल्या विध्यर्थांत आहेच. ‘जरी’ या अर्थाच्या ‘बिआँ क’ या पदांनंतर फ्रेंचमध्यें रूप बदलतें. आपणहि ‘तो श्रीमंत आहे’ म्हणतों, पण ‘जरी’ आला कीं ‘तो श्रीमंत असला तरी’ म्हणतों. आवडणें, उणीव भासणें यांसारख्या क्रियापदांतहि हेंच दिसतें. ‘स लीव्र म प्ले’ म्हणजे ‘हें पुस्तक मला आवडतें’. शब्दास शब्द जुळतो. ‘त्यू म माँक’ म्हणजे ‘तूं मला उणा पडतोस’. इंग्रजीच्या वाटेनें आलेला विद्यार्थी येथें कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करून बसतो, आणि ज्याची आठवण येते त्यालाच आठवण काढावयास लावतो. आणि ऐंशीला ‘कात्र व्हँ’, म्हणजे चार विसा, म्हणतात याचें हसूं ज्यांना येतें, त्यांनीं आपल्या खेड्यांतील जुनी माणसें विसांच्या हिशेबानें मोजीत असत हें आठवावें.

येथें कोणी म्हणेल, ‘तुम्ही सोयीचे तेवढे दाखले वेंचलेत.’ तसें नाहीं. जेथें मराठी उपयोगी पडत नाहीं तेथें ती पडत नाहीं असें स्पष्ट सांगणें हाहि शिक्षकाच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे. आपल्याकडे उपपद नाहीं. ‘मला पाणी दे’ म्हणतांना पाण्याच्या मागें कांहींच लागत नाहीं, फ्रेंचमध्यें मात्र थोडें पाणी, सगळें पाणी, अमुक पाणी यांच्यासाठीं निरनिराळीं उपपदें हवींत, आणि नकार आला कीं तीं पुन्हां बदलतात. ‘ई’ आणि ‘आँ’ हीं दोन चिमुकलीं सर्वनामें मराठी माणसाला दीर्घकाळ छळतात. ‘ती झोपली’ यावरून फसून ‘झोपणें’ या धातूला एत्र लावण्याचा मोह होतो. तेथें आव्वारच हवें. ‘तो यावा अशी आशा आहे’ असें आपण म्हणतों, पण ‘एस्पेरे’ या धातूनंतर फ्रेंच माणूस स्यूब्झाँक्तीफ न घेतां साधा भविष्यकाळ घेतो. मराठीचा मार्ग नेमका कोठें संपतो हें सांगावयास तो मार्ग अगोदर चालून आलेलें असलें पाहिजे, आणि खरी अडचण हीच आहे.

दुसरा आक्षेप नव्या वळणाच्या पंडितांचा. मूल आईच्या मांडीवर व्याकरणाशिवाय भाषा शिकतें, तसेंच विद्यार्थ्यानें शिकावें, असें ते म्हणतात. मूल दिवसभर, वर्षानुवर्षें, त्याच भाषेंत न्हाऊन निघत असतें. आमच्या विद्यार्थ्याला आठवड्याचे मोजके तास मिळतात, आणि त्याचें वय ‘कां?’ विचारण्याचें असतें. खुद्द फ्रान्सनें १९०२ मध्यें आपल्या शाळांतून परकी भाषा केवळ प्रत्यक्ष पद्धतीनें शिकविण्याचा हुकूम काढला, आणि १९२५ च्या सूचनांनीं त्याला मुरड घालून व्याकरणाला व भाषांतराला पुन्हां घरांत घेतलें. कानानें शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. कान हवाच, परंतु बुद्धीला दाराबाहेर उभें करून कानाला आंत बोलाविण्यांत शहाणपण नाहीं.

तिसरा आक्षेप मिश्र वर्गांचा. मुंबईच्या वर्गांत गुजराती असतात, हिंदी बोलणारे असतात, तमिळ असतात; त्यांचें काय? गुजरातींत लिंगें तीनच आहेत, हिंदींत दोन. आणि ‘मैंने चिट्ठी लिखी’ म्हणणारा हिंदी विद्यार्थी कर्माच्या लिंगाचा मेळ रोजच राखतो. द्राविडी भाषांत निर्जीव वस्तूंना असें लिंग नाहीं हें खरें, परंतु आदरार्थीं सर्वनामें तेथेंहि आहेत. शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषांची एवढी विचारपूस करूं नये काय? सगळ्यांना सारखी अपुरी असलेली इंग्रजीच समतेच्या नांवाखालीं सर्वांवर लादणें हा न्याय नव्हे, ती केवळ सोय आहे.

चौथा आक्षेप आम्हांस सर्वांत जड वाटतो. ‘विद्यार्थ्यांना मराठी व्याकरण येतेंच कोठें? विध्यर्थ म्हणजे काय हें त्यांनाच समजावून द्यावें लागेल.’ खरें आहे; आणि हेंच आमच्या रोगाचें निदान आहे. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ त निघालें, दामल्यांचें १९११ त. एवढी पूंजी घरांत असतां ती आम्ही मुलांच्या हातीं दिली नाहीं. गुणांसाठीं मराठी सोडून फ्रेंच घेणारा मुलगा जी भाषा टाकतो तीच त्याला फ्रेंचची किल्ली देणारी होती, हें त्याला कोणींच सांगितलें नाहीं. उलट, फ्रेंच नीट समजावून द्यावयाचें म्हणून जरी मराठीचे प्रयोग, काळ आणि अर्थ वर्गांत उलगडावे लागले, तरी त्यांत गमावलें काय? एका तासांत दोन भाषा पदरांत पडतील.

ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें विसाव्या शतकाच्या आरंभीं मराठी भाषेच्या घडणीचा इतिहास लिहिला. तो त्यानें फ्रेंचमध्यें लिहिला.  पुढें वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो ग्रंथ मराठींत आणला. पॅरिसहून पुण्यापर्यंतचा हा सरळ रस्ता एका फ्रेंच माणसानें शंभर वर्षांपूर्वीं बांधला. पुण्याहून पॅरिसला जाणारे आम्ही मात्र अजून लंडनचें तिकीट काढतों. आमची मागणी मोठी नाहीं. फ्रेंचचें एक चांगलें व्याकरण मराठी संज्ञांनीं, मराठी वाक्यांशीं तुलना करून, जेथें साम्य आहे तेथें साम्य आणि जेथें भेद आहे तेथें भेद निर्भीडपणें दाखवून लिहिलें जावें. फ्रेंचच्या शिक्षकाच्या तयारींत मराठी व्याकरणाचा अभ्यास असावा. आणि मराठी शाळेंतून आलेल्या मुलाला आपली शंका मराठींत विचारण्याचा हक्क असावा. तो हक्क मिळाल्यावर कितीजण मोलिएर वाचतील हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु ‘मला भाषा येत नाहीं’ असें म्हणून जीं मुलें आज परत फिरतात, त्यांतील पुष्कळांना आपल्याला एक भाषा फार चांगली येते, आणि तिच्या बळावर दुसरी शिकतां येते, एवढें तरी कळेल.